पोपने जग वाटून दिले होते, तर वलंदेज आणि इंग्रज आपल्याकडे आले कसे?

प्रश्न : गंगापूर_रोड

मी नाशिकमध्ये अकरावी-बारावीच्या मुलांना इतिहास शिकवते. युरोपच्या भागात भौगोलिक शोध हे एक प्रकरण असते आणि धर्मसुधारणा चळवळ हे दुसरे. पहिल्यात १४९८ साली वास्को द गामा कालिकतला पोहोचतो, दुसऱ्यात १५१७ साली मार्टिन ल्यूथर विटेनबर्गमध्ये पापमुक्तिपत्रांविरुद्ध, म्हणजे पैसे घेऊन पापाची शिक्षा माफ करणाऱ्या चर्चच्या पत्रांविरुद्ध, आपली ९५ कलमे मांडतो. या दोन घटनांमध्ये अवघ्या एकोणीस वर्षांचे अंतर आहे आणि त्या एकाच खंडाच्या इतिहासातल्या आहेत, याचा मुलांना पत्ताही लागत नाही, कारण आपण त्या दोन वेगळ्या कप्प्यांत शिकवतो.

परवा एका विद्यार्थिनीने विचारले की, युरोपबाहेरचे जग पोपच्या संमतीने स्पेन आणि पोर्तुगाल यांच्यात वाटले गेले होते, तर मग वलंदेज, म्हणजे डच, आणि इंग्रज हिंदुस्थानात कोणत्या अधिकाराने आले? याचे रूढ उत्तर असे की हे दोन्ही देश प्रोटेस्टंट झाले, पोपची आज्ञा मानेनासे झाले आणि त्यांनी स्वतःची जहाजे हाकारली. परीक्षेत या उत्तराला गुण मिळतील, परंतु मला ते पुरेसे वाटत नाही. ल्यूथरचे बंड १५१७ चे आणि इंग्लंडच्या आठव्या हेन्रीने रोमशी संबंध तोडले ते १५३४ मध्ये. उलट डचांची पहिली जहाजे पूर्वेकडे निघाली १५९५ मध्ये आणि लंडनच्या कंपनीला सनद मिळाली १६०० च्या अखेरीस. पोपचा धाक संपल्यावरही ही मंडळी साठ-सत्तर वर्षे घरी का बसली? धर्मसुधारणा झालीच नसती, तर ती आली असती की नसती? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

उत्तर : पंचवटीकर

मॅडम, आपली शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर त्या मधल्या वर्षांतच आहे.

प्रथम पोपच्या रेषेविषयी लिहितो. मूळ आदेश १४९३ चा, सहाव्या अलेक्झांडर पोपचा: अटलांटिक समुद्रातल्या एका रेषेच्या पश्चिमेचा नवा मुलूख स्पेनचा. हा पोप स्वतः स्पेनमधला, बोर्जा घराण्यातला असल्यामुळे त्याने आखलेली रेषा स्पेनच्या सोयीची आहे असे पोर्तुगालच्या दुसऱ्या जॉन राजाला वाटले. त्यामुळे दोन्ही राजांनी परस्पर बोलणी करून जून १४९४ मध्ये टॉर्डेसिलास येथे तह केला आणि केप व्हर्दे बेटांच्या पश्चिमेस ३७० लीगवर (लीग हे अंतराचे जुने माप) नवी रेषा ठरवली; तिच्या पूर्वेचे पोर्तुगालचे. या तहाला रोमची मान्यता मिळाली ती मागाहून, १५०६ मध्ये. ज्यांच्या भल्यासाठी रेषा आखली त्या कॅथलिक राजांनीच ती वर्षभरात सरकवली, हे मुलांना अवश्य सांगावे. उरलेल्या कॅथलिक राजांनाही तिचे फारसे सोयरसुतक नव्हते. इंग्लंडच्या सातव्या हेन्रीने १४९६ मध्ये जॉन कॅबट या दर्यावर्दीला सनद दिली आणि कॅबट पुढच्याच वर्षी उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्याला लागला. तेव्हा ल्यूथर शाळेत जाणारा मुलगा होता. फ्रान्सच्या पहिल्या फ्रान्सिसने तर १५३३ मध्ये सातव्या क्लेमेंट पोपकडूनच असा अर्थ वदवून घेतला की जुना आदेश तेव्हा ठाऊक असलेल्या मुलखापुरताच लागू आहे, आणि लगेच १५३४ मध्ये कार्तिये या दर्यावर्दीला पश्चिमेकडे पाठवले. तेव्हा पोपची आज्ञा मोडण्यासाठी प्रोटेस्टंट होण्याची गरज मुळीच नव्हती.

मग डच इतकी वर्षे का थांबले? थांबले, कारण मिरी त्यांना घरबसल्या मिळत होती. पोर्तुगीजांची मिरी १५०१ पासून नेदरलँड्समधल्या (आजच्या बेल्जियममधल्या) अँटवर्पच्या बाजारात उतरू लागली आणि थोड्याच वर्षांत पोर्तुगालच्या राजाची वखारही तेथे उभी राहिली. हॉलंड आणि झीलंड या प्रांतांतली जहाजे बाल्टिक समुद्रावरचे धान्य आणि लाकूड लिस्बनला नेत आणि येताना मीठ व मसाले भरून आणत. हा काही आठवड्यांच्या प्रवासाचा, खात्रीचा धंदा होता. तो सोडून आफ्रिकेला वळसा घालून दीड-दोन वर्षांची सफर कोण शहाणा व्यापारी करील?

तो धंदा बंद पडला धर्मयुद्धामुळे, आणि येथे ल्यूथरपेक्षा कॅल्व्हिन या दुसऱ्या प्रोटेस्टंट धर्मसुधारकाचे अनुयायी महत्त्वाचे ठरतात. नेदरलँड्सचे सतरा प्रांत १५५५ मध्ये स्पेनच्या दुसऱ्या फिलिपकडे आले. १५६६ मध्ये कॅल्व्हिनपंथी जमावांनी चर्चमधल्या मूर्ती फोडल्या, १५६७ मध्ये फिलिपने ड्यूक ऑफ आल्वाला सैन्यासह पाठवले, १५६८ पासून उघड युद्ध जुंपले आणि १५८१ मध्ये बंडखोर प्रांतांनी फिलिपला आपला राजा मानण्याचे नाकारले. दरम्यान पोर्तुगालची गादी वारसाअभावी रिकामी पडली होती. ती १५८० मध्ये याच फिलिपने मिळवली. आता डचांच्या शत्रूच्या हाती लिस्बन गेले आणि लिस्बनबरोबर गोवा, मलाक्का आणि मिरीचा सगळा ओघही गेला.

१५८५ हे साल मुलांच्या वहीत ठळक अक्षरांत लिहून घ्यावे. त्या वर्षी फिलिपने आपल्या बंदरांतली डच जहाजे अडकवली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याच्या सेनापतीने, पार्माच्या ड्यूकने, अँटवर्प जिंकले. अँटवर्पच्या प्रोटेस्टंटांना चार वर्षांची मुदत मिळाली: एक तर कॅथलिक व्हा, नाही तर घरदार विकून चालते व्हा. एकेकाळी लाखाच्या घरात असलेली शहराची वस्ती १५८९ पर्यंत निम्म्याहून खाली आली. गेले ते प्रामुख्याने व्यापारी, विणकर, मुद्रक, नकाशे काढणारे आणि हिरे घासणारे, आणि त्यांतले अनेक ॲमस्टरडॅम आणि मिडलबर्ग येथे स्थिरावले. अँटवर्पहून समुद्राला मिळणाऱ्या स्केल्ट नदीचे तोंड बंडखोरांनी रोखून धरल्यामुळे मागे उरलेले अँटवर्पही व्यापारातून उठले.

दोन माणसांची उदाहरणे देतो. पेट्रुस प्लान्सियस हा फ्लँडर्समधला कॅल्व्हिनपंथी धर्मोपदेशक १५८५ मध्ये जीव वाचवून ब्रसेल्सहून ॲमस्टरडॅमला आला. तेथे तो व्यासपीठावरून प्रवचने देई आणि उरलेल्या वेळात खलाशांना नौकानयन शिकवी. पोर्तुगीज नकाशे मिळवून त्यांवरून पूर्वेकडच्या सफरींसाठी नकाशे तयार करण्याचे कामही त्यानेच केले. दुसरा इझाक ल मेअर. हाही अँटवर्प सोडून आलेला व्यापारी. १६०२ मध्ये वलंदेजांच्या संयुक्त ईस्ट इंडिया कंपनीसाठी सुमारे ६४ लाख गिल्डर (डचांचे नाणे) भांडवल उभे राहिले, त्यात ८५,००० गिल्डरचा त्याचा हिस्सा हा एका माणसाचा सर्वांत मोठा हिस्सा होता. (पुढे कंपनीशी बिनसल्यावर याच गृहस्थाने तिचे भाव पाडण्यासाठी सट्टा खेळला. आजच्या शेअर बाजारातल्या मंडळींना त्याची गोष्ट ओळखीची वाटेल.)

आपल्या शेवटच्या प्रश्नाला माझे उत्तर असे की मिरीच्या नफ्याच्या ओढीने कोणी ना कोणी आज ना उद्या आलेच असते. परंतु नेमके शतकाच्या शेवटी, राजाच्या आरमाराऐवजी भागधारकांच्या कंपनीच्या रूपाने आणि ॲमस्टरडॅमहून ते आले, याचे कारण धर्मसुधारणेतून पेटलेल्या युद्धात शोधावे लागते. पोपची अवज्ञा हे कारण त्यापुढे फारच किरकोळ आहे.

उत्तर : नाशिकरोड_निवृत्त

वरील विवेचन उत्तमच आहे, परंतु त्यात पैशाचा धागा १५८५ पासून सुरू होतो. तो बराच आधी सुरू झाला होता, आणि माझी सारी नोकरी छपाईत गेल्यामुळे तो मला आधी छापखान्यात दिसतो.

गटेनबर्गच्या बायबलचे नाव सर्वांना ठाऊक असते. परंतु जर्मनीतल्या माइन्झ येथे त्याच सुमारास, १४५४-५५ मध्ये, छापलेले सर्वांत जुने तारीखवार कागद आहेत ते पापमुक्तिपत्रांचे. तुर्कांपासून सायप्रस बेटाच्या रक्षणासाठी पैसा उभा करायचा होता, म्हणून ती पत्रे विकली गेली. सगळा मजकूर छापलेला, घेणाऱ्याचे नाव आणि तारीख यांपुरती जागा कोरी. आमच्या नाशिकरोडला छापून निघणाऱ्या मुद्रांकासारखाच तो प्रकार होता: कागदाची किंमत नगण्य, त्यावरच्या अधिकाराची किंमत मोठी. फरक इतकाच की येथे देणे पापाचे होते.

आता ज्या पत्रांवर ल्यूथर भडकला, त्यांचा हिशेब पाहा. ब्रांडेनबुर्गच्या आल्ब्रेख्त नावाच्या तरुण सरदारपुत्राकडे आधीच माग्डेबुर्गचे आर्चबिशपपद होते. १५१४ मध्ये त्याला माइन्झचेही हवे झाले. दोन पदे एकाच वेळी धारण करण्यासाठी रोमला जबर रक्कम मोजावी लागणार होती आणि ती त्याला आउग्सबुर्गच्या फुगर सावकारांच्या पेढीने कर्जाऊ दिली. कर्ज फेडण्याची तजवीज अशी की त्याच्या प्रदेशात पापमुक्तिपत्रे विकायची, निम्मे उत्पन्न रोममधल्या सेंट पीटर चर्चच्या बांधकामासाठी आणि निम्मे फुगर पेढीला. योहान टेट्झेल हा डोमिनिकन भिक्षू गावोगाव प्रवचने देत पत्रे विकत असे, तेव्हा पेढीची माणसे बरोबर राहून आपला वाटा मोजून घेत.

याच पेढीचा दुसरा धंदा पाहिला की आपली दोन्ही प्रकरणे एका चोपडीत येतात. हंगेरीतल्या खाणींचे तांबे फुगरांच्या हाती होते. ते तांबे अँटवर्पला जाई, तेथून लिस्बनला, आणि लिस्बनहून पोर्तुगीज जहाजांतून मलबारला, कारण मिरीच्या बदल्यात युरोपातले कापड वगैरे आपल्या लोकांना फारसे नको होते. तांबे आणि चांदी मात्र चालत असे. पोर्तुगीजांचा पहिला व्हाइसरॉय आल्मेडा १५०५ मध्ये ज्या ताफ्यासह आला, त्यात वेल्झर आणि फुगर या जर्मन पेढ्यांचे पैसे गुंतलेले होते. म्हणजे मलबारच्या मिरीत आणि माइन्झच्या पापमुक्तिपत्रांत एकाच सावकाराचे भांडवल फिरत होते, आणि दोन्हींच्या मध्ये दहाएक वर्षांचेच अंतर होते.

ल्यूथरला हे कळत नव्हते असे समजू नये. त्याने १५२० मध्ये फुगर आणि तत्सम पेढ्यांना लगाम घालावा असे लिहिले आणि १५२४ मध्ये व्यापार व व्याजखोरीवर जो निबंध लिहिला त्यात कालिकतचा नावानिशी उल्लेख केला. कालिकत आणि हिंदुस्थानातून येणारे रेशीम, सोन्याच्या वस्तू आणि मसाले हे केवळ थाटमाटाचे असून त्यांपायी जर्मनीचा पैसा बाहेर जातो, तेव्हा असा व्यापार होऊच देऊ नये, असे त्याचे मत होते. ज्याच्यामुळे डच व इंग्रज पूर्वेकडे आले असे आपण शिकवतो, तो स्वतः या व्यापाराच्या विरोधात होता, हे वर्गात सांगण्याजोगे आहे.

गंगापूर_रोड

दोघांचेही मनःपूर्वक आभार. कालिकतचा उल्लेख उद्याच सांगते. डचांचे समजले, पण इंग्लंडवर कोणी लिहील का? तेथे अँटवर्पसारखे काही घडलेले दिसत नाही. आणि या सगळ्याची आपल्या बाजूला, कोकण-गोव्याकडे, काही खूण दाखवता येईल का?

उत्तर : सराफ_बाजार

इंग्लंडपासून सुरुवात करतो. पाचव्या पायस पोपने १५७० मध्ये एलिझाबेथ राणीला बहिष्कृत केले. त्याचा एक अनपेक्षित परिणाम असा की मुसलमानी सत्तांना युद्धसामग्री विकू नये, हे पोपचे बंधन मोडण्याची इंग्रजांना लाज वाटेनाशी झाली. मठ आणि चर्च मोडीत काढून मिळालेले शिसे आणि फोडलेल्या घंटांचा धातू इंग्रज व्यापारी तुर्कांना विकू लागले; कथील तर त्यांच्याकडे मुबलकच होते. तुर्कांना तोफा ओतायला हेच हवे होते. सुलतान तिसऱ्या मुरादने १५८० मध्ये इंग्रजांना व्यापाराच्या सवलती दिल्या आणि १५८१ मध्ये लंडनला तुर्कस्तानाशी व्यापार करणारी कंपनी स्थापन झाली. याच कंपनीतले अनेक व्यापारी पुढे १६०० मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या स्थापनेत होते. घंटांचा प्रवास उलट दिशेनेही होत असे. वसईच्या १७३९ च्या मोहिमेनंतर पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा महाराष्ट्रातल्या अनेक देवळांत आल्या आणि गोदाकाठची नारोशंकराची घंटा तर आपण रोज पाहतो. पण ती गोष्ट दीडशे वर्षांनंतरची आहे, म्हणून येथे थांबतो.

आपल्या बाजूची खूण विचारलीत. १५८३ च्या अखेरीस गोव्यात काय चालले होते ते पाहा. त्या वर्षी राल्फ फिच, जॉन न्यूबेरी आणि त्यांचे सोबती हे इंग्रज व्यापारी हलब (अलेप्पो), बगदाद, बसरा या मार्गाने होर्मुझला पोहोचले. पोर्तुगीजांनी त्यांना हेर समजून पकडले आणि गोव्याच्या तुरुंगात आणून टाकले. त्यांच्या जामिनासाठी खटपट करणारे दोघे होते. पहिला थॉमस स्टीफन्स. हा विल्टशरचा इंग्रज, पण कॅथलिक. एलिझाबेथच्या राज्यात कॅथलिकांना जगणे कठीण झाले होते. त्याचा जवळचा मित्र धर्मापायी अनेक वर्षे तुरुंगात राहिला. स्टीफन्स रोमला जाऊन जेझुइट, म्हणजे कॅथलिक धर्मप्रसारकांच्या संघाचा सदस्य, झाला आणि ऑक्टोबर १५७९ मध्ये गोव्यात उतरला. दुसरा यान हाउखेन व्हान लिन्सखोटेन. हा डच, गोव्याच्या आर्चबिशपच्या पदरी लेखनिक.

एका बाजूला प्रोटेस्टंट राणीचे व्यापारी, दुसऱ्या बाजूला त्याच राणीच्या राज्यातून परागंदा झालेला जेझुइट, आणि तिसऱ्या बाजूला कॅथलिक आर्चबिशपच्या कचेरीत बसून सर्व काही टिपून घेणारा हॉलंडचा तरुण. युरोपातली सारी भांडणे मांडवीच्या काठी एका गावात आली होती, आणि तरीही अडचणीत सापडलेल्यांना मदत झाली. जामिनावर सुटलेले इंग्रज १५८४ मध्ये गोव्यातून निसटले. फिच १५९१ मध्ये लंडनला परतला आणि कंपनीच्या तयारीत त्याच्या माहितीचा उपयोग झाला. लिन्सखोटेन १५९२ मध्ये मायदेशी पोहोचला आणि त्याने पोर्तुगीजांचे सागरी मार्ग, वारे, बंदरे आणि मालाचे तपशील छापून टाकले. मार्गांविषयीचा भाग १५९५ मध्ये आला तेव्हा डचांचा पहिला ताफा त्याच वर्षी निघत होता. पोर्तुगीजांच्या पहाऱ्याची मलाक्काची सामुद्रधुनी टाळून सुंदाच्या सामुद्रधुनीने जावे, हा सल्लाही त्याचाच.

आणि स्टीफन्स? तो कधीच परतला नाही. साष्टीत चाळीस वर्षे राहून त्याने ओवी छंदात सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ मराठीत रचले, जे १६१६ मध्ये राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. जुन्या धर्माची पुराणे हातून गेलेल्या नवख्रिस्ती लोकांना वाचायला-ऐकायला तसेच काहीतरी हवे होते. ल्यूथरने १५२२ मध्ये नवा करार जर्मन लोकांच्या बोलीत आणला तो पोपशी भांडून. स्टीफन्सने येशूची कथा ओवीत आणली ती पोपच्या सेवेत राहून. एलिझाबेथने कॅथलिकांना सुखाने राहू दिले असते, तर हा माणूस गोव्यात आला असता का आणि आपल्या भाषेत हा ग्रंथ झाला असता का, हा प्रश्न मला आपल्या मूळ प्रश्नाइतकाच महत्त्वाचा वाटतो.

उत्तर : सिन्नर_फाटा

चर्चा छान चालली आहे, परंतु ती सारी व्यापाऱ्यांच्या अंगाने होत आहे. धर्म हे केवळ निमित्त नव्हते. जेझुइट संघ १५४० मध्ये स्थापन झाला, त्या संघाचा धर्मप्रसारक फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्यात आला आणि १५६० मध्ये तेथे इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोहाची चौकशी करणारे चर्चचे न्यायालय, बसले. रोमला युरोपात जे गमवावे लागत होते ते पूर्वेत भरून काढण्याची ईर्षा त्यामागे होती, आणि तिची झळ गोमंतकातल्या हिंदूंना लागली. फ्रेंच प्रोटेस्टंटांनी १५६४ मध्ये फ्लोरिडात वसाहत केली, तर पुढच्याच वर्षी स्पॅनिशांनी त्यांची कत्तल केली. ती मिरीसाठी नव्हती.

हेही खरे की येथून पाहणाऱ्याला हा भेद फारसा दिसत नसे. रामचंद्रपंत अमात्यांनी ‘आज्ञापत्रा’त फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरासीस यांना एकाच ओळीत बसवून टोपीकर म्हटले आहे आणि हे इतर सावकारांसारखे नव्हेत, यांच्या पाठीशी राज्ये आहेत, असा इशारा दिला आहे. कोण पोपला मानतो, हा प्रश्न तेथे येत नाही.

उत्तर : पंचवटीकर

सिन्नर फाट्याचा आक्षेप मान्य. पोर्तुगीजांच्या बाबतीत धर्म बाजूला काढताच येत नाही. डचांनी मात्र त्याच गोष्टीचा व्यापारी फायदा उठवला. जपानमध्ये पोर्तुगीजांना १६३९ मध्ये हाकलले गेले, त्याचे एक मोठे कारण पाद्री होते. वलंदेज धर्मप्रसाराच्या भानगडीत पडले नाहीत, म्हणून त्यांना नागासाकीजवळच्या एका टीचभर बेटावर का होईना, दोनशे वर्षे राहू दिले.

मूळ प्रश्नातल्या ‘कोणत्या अधिकाराने’ याचे उत्तर अजून राहिले आहे. डचांनी १६०३ मध्ये सिंगापूरजवळ ‘सांता कातारीना’ हे मालाने भरलेले पोर्तुगीज जहाज पकडले. ही चाचेगिरी नव्हे असे सिद्ध करण्यासाठी कंपनीने ह्यूगो ग्रोशियस या तरुण वकिलाला कामाला लावले. त्याच्या लेखनातला एक भाग १६०९ मध्ये निनावी प्रसिद्ध झाला. समुद्र कोणाच्याही मालकीचा होऊ शकत नाही आणि पोप काही साऱ्या जगाचा ऐहिक स्वामी नव्हे, असे त्यात मांडले आहे. गंमत म्हणजे पोपविरुद्धच्या मुद्द्यासाठी या प्रोटेस्टंटाने आधार घेतला तो फ्रान्सिस्को द व्हिटोरिया या स्पॅनिश कॅथलिक पंडिताचा, ज्याने १५३९ मध्येच सालामांकाच्या विद्यापीठात सांगितले होते की अमेरिकेतल्या लोकांचा मुलूख देऊन टाकण्याचा अधिकार पोपला नाही.

पुढे चारच वर्षांनी, १६१३ मध्ये, मोलुक्का या (आजच्या इंडोनेशियातल्या) बेटांच्या मसाल्यांवरून इंग्रज आणि डच यांची लंडनला बोलणी झाली. आता मक्तेदारी डचांना हवी होती. इंग्रजांनी त्यांच्यापुढे तोच मुक्त समुद्राचा युक्तिवाद ठेवला, आणि त्याला उत्तर देण्यासाठी डचांच्या बाजूने बसलेल्या शिष्टमंडळात स्वतः ग्रोशियस होता. स्थानिक राजांशी आम्ही करार केले आहेत आणि करार पाळलेच पाहिजेत, असे त्याने सांगितले.